सोनखत

माझे वडील शहराची घाण आणायचे.
पहाटे तीनला होडी निघायची कालव्यातून.
सूचौच्या बोळांत दारोदारी
झाकणाच्या लाकडी बादल्या त्यांची वाट बघत असायच्या,
आणि परतताना होडी कुठवर आली
ते आम्ही मुलं काठावरून सांगायचो,
डोळे मिटून.

बोट बुडवून, अंगठ्यावर चोळून ते भाव ठरवायचे.
हिच्यात पाणी घातलंय.
ही डॉक्टरांची आळी, इथे मांस शिजतं.
साठ साली मात्र, आई सांगायची,
शहरातूनही होडी अर्धीच यायची.
जे पोटात गेलं नाही ते बाहेर कुठून येणार?
त्या वर्षी माझा भाऊ गेला, मी जन्मायच्या आधी.
मिंगगेन, चार वर्षांचा.
त्याचा वाडगा आईनं कधी उपडा घातला नाही.

चौऱ्याहत्तरला, लावणी उरकता उरकता,
ब्रिगेडच्या गोदामात पोती उतरली जपानहून,
नायलॉनची, शिवण इतकी नेटकी
की उसवायला कुणी पुढे होईना.
आत साखर. निदान दिसायला.
वडलांनी दोन दाणे हुंगले,
मग सवयीनं जिभेवर ठेवले.
"गार आहे," म्हणाले.
आणि जरा थांबून,
"हे कुणाच्या पोटातून आलेलं नाही."

शाळेत ह्वा बाईंनी फळ्यावर ढग काढला,
ढगाला नळी, नळीला भट्टी, भट्टीखाली पोतं.
हवेतूनच काढतात, म्हणाल्या,
आणि हवा तर सगळ्यांचीच असते.
मग पैसे कशाचे, असं विचारणारा पोरगा
पुढे बँकेत लागला.

आठव्या दिवशी शेत काळं पडलं.
काळंच म्हणते मी,
एवढं हिरवं आम्ही कधी पाहिलं नव्हतं,
शब्द कुठून आणणार.
म्हातारी माणसं बांधावर उभी राहून
नुसती बघत होती, परक्याच्या लग्नात आल्यासारखी.

रिकाम्या पोत्यांच्या विजारी झाल्या.
पहिली हिशेबनीस शेनना.
निळीत बुडवली, उकळली, अक्षरं काही जाईनात:
एका मांडीवर जपान, दुसरीवर युरिया,
आणि मागे, बसायच्या जागी,
नत्र ४६ टक्के.
सभेत ते उठले की अख्खं गाव वाचायचं.
वडलांच्या वाट्याला विजार आली नाही.
त्यांच्या वाट्याला सुट्टी आली.
होडी काठावर ओढून पालथी घातली,
तिच्याखाली बदकं अंडी घालू लागली,
आणि वडील तरीही तीनला उठून
तिच्या पाठीवर बसून राहायचे, उजाडेपर्यंत.

त्या हंगामात आईनं "अजून हवा का?" विचारलं नाही,
सरळ दुसऱ्यांदा वाढलं.
मग मिंगगेनचा वाडगा काढला, शिगोशीग भरला,
त्याच्या जागेवर ठेवला.
आम्ही जेवलो. कुणी बोललं नाही.
शेवटी वडलांनी तो वाडगा ओढून घेतला
आणि भाताचं शीत न् शीत खाल्लं.
अन्न टाकायचं नसतं.

आता मी वूशीत राहते, अकराव्या मजल्यावर.
एका उन्हाळ्यात तळं दाट हिरवं झालं, रंगाच्या डब्यासारखं,
नळाला असा वास सुटला की लोक नाक धरून
बाटल्यांच्या रांगेत उभे राहिले.
शेजारीण म्हणाली, शेतांतलं खत वाहून येतं, त्यानं.
मी काही बोलले नाही.
वास मला ओळखीचा वाटला, आणि तोही नाही.
माझ्या नातीच्या पुस्तकात आहे,
जगातला निम्मा माणूस त्या ढगावर जगतो.
कोणता निम्मा, ते लिहिलेलं नाही.
मी तिच्या दंडाकडे बघते. चांगला गुबगुबीत आहे.

शेवटच्या आजारात वडलांना मी मऊ भात भरवायचे.
घास तोंडाशी नेला की ते आधी हुंगायचे,
बराच वेळ.
"कुठल्या गल्लीचा?"
मला कधीच सांगता आलं नाही.
ते मान हलवायचे,
आणि तोंड उघडायचे.