शॅल आणि विल

कसब्यात, पिठाच्या गिरणीवर
उकिडवे सरांचा क्लास होता.
जिना चढेपर्यंत केसांत पीठ.
खाली पट्टा सुरू झाला की फळा थरथरायचा
आणि सर आवाज चढवायचे :
आय असेल तर शॅल. बाकी सगळ्यांना विल.
वाक्य प्रीपोझिशनवर सोडणारा माणूस म्हणजे
पानावरून अर्धपोटी उठलेला माणूस.

मी एकदा विचारलं, का?
“का म्हणजे? नियम आहे.”
मग गिरणी थांबल्यावर, खडू पुसत,
“मलाही असंच सांगितलं होतं.”

आता खराडीत, आठव्या मजल्यावर
दिवसाला चाळीस मेल लिहिते मी.
विल लिहिते. रिव्हर्ट बॅकसुद्धा लिहिते.
टीममधली नवी पोरगी म्हणते,
“मॅम, माझी मदत कराल?”
जिभेवर येतं : माझी नाही गं, मला.
मला मदत.
गिळते.
करते तिची मदत.

काल सरांचा फोन.
मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी होतं,
“प्रीपोन झालंय. शुक्रवारी.”
मी गप्प.
तेही गप्प.
मागे काहीतरी घरघरत होतं, पंखा असेल.

“असा शब्द नाही, माहितीये मला,”
शेवटी तेच म्हणाले.
“पण डॉक्टरांचा शब्द तो,
आणि तारीखही त्यांचीच.
येशील का? सोबत कुणीतरी लागतं म्हणे.”

आय शॅल, सर.

“शॅल राहू दे. साडेसातला ये.
आणि रिक्षा थांबवून ठेव खाली,
गिरणीपाशी.
गिरणी नाहीये आता, पण
तिथेच.”