डावीकडून तिसरी

चौथीच्या वर्गाचा फोटो. गॅरी, इंडियाना.
बाईंच्या गालावरचा तीळ दिसतो,
डोरीनच्या फ्रॉकवरच्या चेऱ्या मोजता येतात,
आणि डावीकडून तिसऱ्या जागी
एक डाग, त्यात दात.
फोटोच्या पाठीवर आईनं पेन्सिलीनं लिहिलंय:
तिसरी आपली.

त्या फिल्मला माझा चेहरा कुणी शिकवलाच नव्हता,
हे मला चाळिशीत कळलं.
कुणा गोऱ्या बाईचा गाल समोर धरून
रंग जुळवायचे म्हणे.
तिची लाज बरोबर उतरली
की जग बरोबर उतरलं.

चर्चच्या अडगळीतून चाळीस डॉलरला
सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेतला.
चावी दिली की अठ्ठावीस सेकंद चालायचा,
मग धापा टाकत थांबायचा, बाबांसारखाच.
मी त्यांचे हात घेतले.
फक्त हात, व्हॅसलीन चोळताना.
सांध्यांवरची राखट पांढुरकी झाक जिरत जाते
आणि खालून अक्रोडाचं लाकूड उजळतं,
ओलं, खोल.
लाइटमीटर म्हणाला, उजेड कमी आहे.
त्याला खिशात टाकलं.

"गोष्ट कुठाय यात, ओझेला?"
"नाहीये गोष्ट."
"मग लोक पैसे कशाचे देणार?"
"नाही देणार."
बाबांनी दुसरा हात पुढे केला.

फिल्म स्वयंपाकघरातच धुतली.
स्वस्त कॉफी, धुण्याचा सोडा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या.
वास आला तसे बाबा कप घेऊन दारात.
निगेटिव्ह दोरीवर टाकली तेव्हा
त्यांचे हात दुधासारखे पांढरे पडले होते.
बराच वेळ बघत राहिले.
"आता बँकेत जातो," म्हणाले.
"आज कर्ज मिळेल."

पांढऱ्यावर काळं सगळेच करतात.
मी कोरी काळी फिल्म घेतली
आणि आईचा लोखंडी कंगवा,
स्टोव्हवर तापवून जो दर शनिवारी
माझे केस सरळ करायचा.
कानामागे त्याची खूण आहे अजून.
त्याच्याच दातानं ओरखडत गेले,
चौकटीमागून चौकट,
सेकंदाला चोवीस वेळा कुरळं.
हात दुखला. थांबवेना.

तळघरात खुर्च्या मांडल्या. एकोणीस माणसं.
पडदा म्हणून सिस्टर अर्नेल्डाचा टेबलक्लॉथ,
त्यावर मोहरीचा जुना डाग,
तो नेमका बाबांच्या मनगटावर बसला
आणि चार मिनिटं हलला नाही.
मध्येच रीळ अडकलं.
तळव्याच्या मधोमध तपकिरी फोड आला,
फुगला, फुटला,
आतून नुसता पांढरा उजेड.
कुणी श्वास घेईना.
"तीस वर्षं कोकच्या भट्टीवर उभा होतो,"
अंधारात बाबांचा आवाज,
"कधी चटका लागू दिला नाही.
हिनं तीन सेकंदांत भाजलं."
तळघर खदखदून हसलं.
मी जळकी चौकट कापली, टोकं चिकटवली, पुढे नेलं.
तो तुकडा पाकिटात आहे.

शेवटचे बारा सेकंद मी काळे सोडले होते,
ओरखडाही न काढता.
आजोबा मिसिसिपीहून आले
ते उसन्या बुटांनी, रात्रीच्या गाडीनं.
गिरणीत खपले, तिथल्याच धुरात गेले.
त्यांचा फोटो कुणी काढला नाही.
बिघडलेलासुद्धा नाही.

कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकली.
मार्क्वेलच्या धाकट्यानं विचारलं, "संपलं?"
"गप रे," बाबा म्हणाले,
"माझे वडील आहेत."

मग रिळाचं सुटं टोक
फटफट फटफट फिरत राहिलं,
आणि दिव्याच्या बटणापाशी बसलेली सिस्टर अर्नेल्डा
हात मांडीवर ठेवून तशीच.