काचेचं पाणी

दिवाळी सरली. तेजरावनं बोनेट उघडलं,
पावसाळाभराचं पाणी उपसलं टाकीतून.
गढूळ. तळाशी शेवाळ आन एक मेलेला किडा.
आमच्या बोरचं खारं ते. काचेवर वाळलं की
पांढरे वघळ उमटतात, फवाऱ्याचं भोक बुजतं.
सुईनं टोकरलं त्यानं, फुंकलं.

मग आरओचा कॅन वाकवला,
त्यात शाम्पूची एक पुडी.
"काचेले गोड पाणी?" कौतिका हसली,
कमरेला वेचणीची ओटी बांधलेली.
"धुई पडाले लागली न बाई.
समोरचं दिसाले पाह्यजे."

बारा बाया जीपमध्ये दाटल्या.
दर्यापूर फाट्यापाशीच काच धुरकटली,
आतून, त्यांच्या श्वासानं.
तिथं फवारा पोहोचत नाही.
कौतिकानं पदराचा बोळा केला
आन पुसत राहिली,
वावर येईस्तोवर.