इन्नू स्वल्प

खडेबाजारात पहिल्यांदा दिसल्या विमलाक्षी हुंदरे,
मखमलीच्या ठाणावर गाल टेकून, डोळे मिटून.
दुकानदार गप्प. मीही गप्प, अस्तराचं कापड हातात.
‘डोळ्यांनी कापड घेतात ते फसतात,’ त्या म्हणाल्या
आणि ते ठाण माझ्याही गालाला लावलं.

इरकल साडी, वर पुरुषी कोट, ओठ जांभळे,
मनगटात बांगडी नाही, पडद्याच्या दांडीची जाड पितळी कडी.
कॅम्पात ऑफिस. पाटी दोन लिपींत,
अक्षरं टेप लावून एकाच उंचीची.
‘नाहीतर माझ्या काचा कोण भरून देणार?’

त्या दिवसापासून मी त्यांचे पडदे शिवते.

घर सजवण्याच्या त्यांच्या तऱ्हेला नाव नव्हतं,
दोन शब्द होते. इन्नू स्वल्प.
अजून थोडं.
वर्ख चिकटवणाऱ्या मौलालीला, इन्नू स्वल्प.
आरशाच्या चौकटीवर मोर आहे, मग लांडोर कुठाय?
झुंबर एक वीत खाली, अजून थोडं खाली,
उंच पाहुण्याला वाकावं लागेल इतकं.
‘वाकू दे की. दुसऱ्याच्या घरात शिरताना
माणूस जरा वाकलेला बरा दिसतो.’

टिळकवाडीत कुणी म्हणालं, हा दिवाणखाना आहे
की पारिजात खेळाचा पडदा?
बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी बिल कमी केलं.
वडील त्यांचे गोकाककडं खेळवाल्यांचे पडदे रंगवायचे,
राजवाडा, बाग, पुन्हा राजवाडा,
पहाटे सगळं गुंडाळून बैलगाडीत.
‘त्या गुंडाळीवर झोपायची मी. राजवाडा उशाला.
डिंकाचा वास यायचा.’
एवढंच, एकदा, चहा पिताना. पुन्हा विचारलं तर
त्यांनी खिडक्यांची मापं विचारली.

मग निपाणीला मगदुमांचा बंगला.
पायगोंडा शेटजींना हॉटेलसारखं पाहिजे होतं,
बाईंना, हॉटेलवाल्यानं बघून लाजावं असं.
काळ्या द्राक्षाच्या रंगाची मखमल, अठरा फुटी दोन खिडक्या.
समोरच वखार, सगळ्या कापडानं तंबाखू ओढून घेतलेला.
शिंकत शिवलं मी.
मुहूर्ताच्या आदल्या रात्री एक पडदा चढला,
दुसऱ्याच्या ढिगावरच मला झोप लागली.

जाग आली तेव्हा बाई रंगाच्या डब्यावर बसलेल्या,
चपला काढलेल्या, तळवे चुन्यानं पांढरे.
उघड्या खिडकीबाहेर वखारीचा पत्रा,
पत्र्यावरून उन्हाची तिरीप झुंबरात
आणि साऱ्या भिंतीवर थरथरणारं काहीतरी
ज्याचं माप आमच्यातल्या कुणी घेतलं नव्हतं.
मी घाईनं सुई शोधायला लागले.
‘साकु,’ बाई म्हणाल्या. पुरे.
मौलालीचा ब्रश हातातच राहिला.
अकरा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

शेटजी भांडले. एका पडद्याचे पैसे कापले.
उरलेली मखमल बाईंनी टेम्पोत माझ्या अंगावर टाकली.

शहापुरात माझ्या दोन खोल्या, खिडकी एक, तीन फुटांची.
मागाचा खड्डा कधीच बुजवला, तरी फरशी तिथं दबते.
कात्री लावायला हात होईना. सगळीच टांगली,
वरून दुमडून, आढ्यापासून जमिनीपर्यंत.
अर्धी खोली पडद्यानंच खाल्ली.
शेजारीण म्हणाली, ‘काय गे, नाटक लावूलालीस काय?’

रविवारी बाई आल्या, कुंद्याचा पुडा घेऊन.
दार ठेंगणं, वाकूनच आत आल्या,
कापडाला गाल लावला, उभ्या राहिल्या तशाच.
दोन्हींतला कुठला शब्द येतोय, मी वाट बघत होते.
एका टोकाला कडी कमी पडली होती,
तिथं पडदा ओघळलेला.
‘इन्नू स्वल्प,’ म्हणाल्या,
आणि स्टुलावर चढून
मनगटातली कडी काढून दांडीत सरकवली.

मापानं ती मोठी आहे.
पडदा त्या टोकाला अजून ओघळतो.