नखाएवढा

रुवैस. पोर्टाकेबिन नंबर चार.
एसी गळतो, त्याखाली पेंटची बादली,
ती दर दोन दिवसांनी मी रिकामी करतो.
बाकी माझं काम फोटोंचं.
हर्णैला आईला वाटतं, मी फोटोग्राफर आहे.

साइटवरून दिवसाला दोनशे येतात.
क्लायंटकडे जाण्याआधी धुऊन द्यायचे.
धुणं म्हणजे आतलं काढणं:
कुठल्या फोनचा, कुठे उभं राहून,
किती वाजून किती मिनिटं, किती सेकंद.
बटण एकच.
वर्गीससाहेब शिकवताना म्हणाले,
अंघोळ घालतो तसं समज.
मला गुसल आठवलं. बोललो नाही.

आज एक आला, पाइप रॅकचा.
सव्वीस जून, बारा बावन्न.
उन्हाळ्यात साडेबारा ते तीन
उघड्यावर काम बंद, कायदा आहे,
गेटवर पाच भाषांत लिहिलंय.

फोटो कापून आला होता,
डावीकडून चांगला हातभर.
पण कापणाऱ्याला ठाऊक नसतं,
फाइलच्या पोटात कधी कधी आणखी एक फोटो असतो,
अंगठ्याच्या नखाएवढा,
आणि कात्री तिथवर पोचलेली नसते.

उघडला.
डावीकडे एक माणूस.
पाइपाला टेकलेला, हेल्मेट मांडीवर,
डोक्यावर बाटली उपडी धरलेली.
हेल्मेटवर चौदाशे आणि काहीतरी.
मोठा करत गेलो तसतसा
तो चौकोन चौकोन होत गेला,
आधी आकडे गेले, मग चेहरा, मग पाणी,
शेवटी निळा, तपकिरी, निळा.
चौदाशे आणि काहीतरी
आमच्याकडे नव्वदेक जण आहेत.
पहाटे साडेचारला गेटवर अंगठा लावतात,
मशीनला त्यांची रेघ न् रेघ पाठ.

मी बटण दाबलं.
उगाच सांगत नाही की हात थरथरला बिरथरला.
दाबलं, आणि चहा आणायला गेलो.
वेळ गेली, जागा गेली, नखही गेलं.
फाइल बारा केबीने हलकी झाली.

परत आलो तर स्क्रीनवर मोठा फोटो,
साफसूफ, पाठवायला तयार.
मध्ये फोरमन गुरमुख, अंगठा वर करून.
त्याची सावली बघायला गेलो
तर सावलीच नाही.
म्हणजे आहे, बुटांच्या कडेला जेमतेम,
सांडलेल्या ग्रीसएवढी.
इथे अशी सावली
दिवसातून एकदाच पडते,
आणि ती केव्हा, हे उन्हात उभं राहिलेल्या
कोणालाही विचारा.
तिच्यासाठीचं बटण
वर्गीससाहेबांनी दाखवलेलं नाही.

पाठवला.
तिकडे कोणाला सावली वाचता येते का,
ठाऊक नाही.
बादली अर्धीच भरली होती,
तरी उचलून बाहेर नेली.