खबर आसा

म्हापशाच्या मामलेदार कचेरीत
एकतीस वर्षं मी साक्षी उतरवल्या.
माणसं कोंकणीत बोलत, कागद मराठीत बोले,
आणि मध्ये मी,
खिशावर शाईचा डाग घेऊन.

इनास रेंदेर साक्षीला आला तेव्हा
त्याच्या गुडघ्यांना अजून माडाची साल लागलेली.
प्रश्न एवढाच : त्या साली
कोस्तानचं घर भाटात उभं होतं का?
'म्हाका खबर आसा,' तो म्हणाला.
'सांजेर माडार चडटालों, तेन्ना दिवो दिसतालो.'

मी लिहिलं : साक्षीदारास ठाऊक आहे.
लिहिताना टाक जरा अडला.
खबर म्हणजे ठाऊक?
खबर येते बाजारातून, मासळीच्या पांटलीबरोबर,
कुणाच्या तरी तोंडची, थोडी ओली.
ठाऊक असणं म्हणजे
आपल्याच घरात काळोखात उठून
माठाला न धडकता पाणी पिणं.
पण असल्या शंकेला फॉर्मात रकाना नव्हता.

भाटकाराच्या वकिलाने विचारलं, दिवा कुणाचा?
इनास म्हणाला, घरात दिवा घरच्यांचाच असतो,
तुमच्याकडे काय शेजारी येऊन लावतो?
कचेरी हसली. मामलेदारही हसले, रुमालाआड.
निकाल कोस्तानच्या बाजूने लागला.

तीन आठवड्यांनी ती नकलेसाठी आली,
पिशवीत सहा अंडी.
मी नको म्हटलं. मग चार घेतली.
आणि मी तिकीट चिकटवत असताना
ती सहज बोलून गेली :
त्या साली आमच्यात दिवा नव्हताच, बाब.
घोव बोटीवर, पैसे येईनात, रॉकेल कुठलं?
मी आणि दोन पोरं काळोखात पेज जेवायचो.
दिवा लागायचा तो समोरच्या खुरसाचा.
तेल भाटकारीण धाडायची.

घर होतं.
इनासला वाटत होतं की आहे.
वाटायला कारण होतं, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं,
रोज, पंचवीस हात उंचीवरून.
फक्त दिवा दुसऱ्याचा होता.

अपिलाची मुदत अजून नऊ दिवस होती.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
निकाल बरोबर होता.
बरोबर निकालाच्या पोटात
एक चुकीची ओळ, माझ्या अक्षरात.
मी फाईलला लाल फीत बांधली, सोडली, परत बांधली.
ते नऊ दिवस मी दुपारचा चहा घेतला नाही.
का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

भाची दुर्वा ताळगावच्या पठारावर
तत्त्वज्ञान शिकते.
ती म्हणते, मामा, जाणण्याच्या चुलीला तीन धोंडे :
तुम्ही ते मानायला हवं,
ते खरं असायला हवं,
आणि मानायला आधार हवा.
मग डोळे मिचकावते :
तिन्ही धोंडे जागेवर, तरी मडकं कलंडतं.
तेव्हा मी तिला इनासची गोष्ट सांगितली.
ती ताडकन उठली. परीक्षेत लिहू?
म्हटलं, नावं बदल.

'म्हणजे इनासला ठाऊक होतं की नव्हतं?'
ते तू ठरव, मी म्हटलं.
पण मला ठाऊक झाल्यावर
मी काय करायला हवं होतं?
ती वहीत बघून म्हणाली,
तो दुसरा पेपर, मामा. पुढच्या सत्राला.

इनास गेला. त्याचा मुलगा कुवेतला,
माडांवर आता कोण चढत नाही.
परवा हळदोण्याला श्राद्धाला गेलो होतो,
परतताना रस्ता चुकलो की मुद्दाम तिथून आलो, कोण जाणे.
कोस्तानच्या ओसरीत ट्यूबलाइट,
खुरसावर छोटा पिवळा बल्ब.
खालून पाहिलं तर दोन्ही वेगळे, मध्ये
चांगली दहा पावलं आणि एक कुत्रा.
माडावरून कसे दिसत असतील?
मी मान वर करून थोडा वेळ उभा राहिलो.
मला चढता येत नाही.