मुका ब

साखर पेठेत, यंत्रमागांच्या वरच्या खोलीत
माझा इंग्रजीचा क्लास, सहा ते साडेसात.
खालून फरशी थरथरते,
टेबलावरचा खडू आपोआप चालत कडेला येतो.
काल श्रीशैल चिलका मोठ्यानं वाचत होता :
सब्‌टल.
मी म्हटलं, सटल. ब मुका आहे.
"मग लिहायचा कशाला, टीचर?"

मला ठाऊक नव्हतं.

रात्री जाड कोश उघडला, ताटाशेजारीच.
शेंगाचटणीचं बोट पानाला लागलं,
तो डाग आता त्या शब्दापाशी कायमचा.
लॅटिन, म्हणे. सब म्हणजे खाली.
तेला म्हणजे मागावर ताणलेलं सूत.
ताण्याखालून जाणारा धागा,
इतका तलम
की बोटाला कळतो, डोळ्याला नाही.
पुढे फ्रेंचांच्या तोंडात तो ब झिजला, गळला.
शेकडो वर्षांनी विद्वानांनी
त्याला कागदावर परत आणून बसवलं.
तोंडात मात्र कुणी घेतलं नाही.

"काय वाचतेस?" नान्नांनी विचारलं.
चाळीस वर्षं मागांत गेली, तिथंच कानही गेले.
ते ओठ वाचतात. खाली शेडमध्ये सगळेच वाचतात,
त्या खडखडाटात आवाज करून उपयोग काय?
मी दिव्याखाली बसले. सावकाश म्हटलं : तेला.
"तेल्ला? पांढरं?"
आपल्या तेलुगूतलं नव्हे, रोमकडचं. तिथंही विणकर होते.
"असणारच. लोक उघडे फिरत होते काय?"

मग तो शब्द दोनदा म्हटला,
एकदा श्रीशैलचा, एकदा माझा.
पहिल्यात ओठ मिटले. नान्ना हसले : हा बरोबर.
दुसऱ्यात काहीतरी सुटलंय, म्हणाले,
धागा तुटल्यासारखं.
मी पाटीवर लिहून दाखवलं. अक्षर आहे, आवाज नाही.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
अंगठ्याच्या नखानं फासे बाजूला सारले.
"हा जमिनीचा धागा. गिऱ्हाईक वरचं मऊ बघतं.
काढ ह्याला ओढून."
आणि टॉवेलनं तोंड पुसून झोपायला गेले.

आज श्रीशैलनं बरोबर वाचलं. सटल.
मी मान हलवली.
माझेच ओठ मध्ये एकदा मिटले, उगाच.
खडू कडेला आला होता,
पडायच्या आत उचलला.